साल सर्वांत शेवटी वाचा: वाळूतून निघालेलं जुनं नाणं ओळखताना

नाणं हातात आलं की बहुतेकांची नजर आधी सालाकडे जाते. साल दिसलं नाही तर नावाकडे. आपल्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या नाण्यांच्या बाबतीत हा क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत आहे. मुंबई हे बंदर. इथे काठेवाडची कोरी हे छोटं चांदीचं नाणं, झांझिबारचा पैसा, सुरतेचा रुपया, शिवराई आणि मुंबईच्याच टाकसाळीत पाडलेला ऑस्ट्रियाच्या राणीचा थेलर असं सगळं एकाच वाळूत मिसळलं आहे. यांतल्या निम्म्याहून जास्त प्रकारांवर छापलेलं साल किंवा राजाचं नाव नाणं पाडलं त्या काळाचं नाहीच. म्हणून आधी वजन, मग व्यास, मग धातू, मग घडण, आणि अक्षरं त्यानंतर. खाली हीच वाट, ज्या क्रमाने मी जातो त्या क्रमाने.

पण त्याआधी कायदा. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर काय सापडलं, अंदाजे किमतीला किती, कुठे आणि कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं ही सापडणाऱ्याची जबाबदारी आहे. दहा रुपयांची मर्यादा एकोणिसाव्या शतकातली आहे, त्यामुळे जुनं कुठलंही नाणं तिच्यावरच जातं. मुंबई शहराचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टात जुन्या कस्टम हाउसमध्ये आहे, उपनगराचं वांद्रे पूर्वेला. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं. ते देशाबाहेर नेता येत नाही आणि परवान्याशिवाय त्याचा व्यापार करता येत नाही. वसईचा किल्ला, घारापुरी, कान्हेरी ही संरक्षित ठिकाणं आहेत. तिथे डिटेक्टर घेऊन जाणं आणि खणणं हा विचारही नको. खासगी वाडी, शेत किंवा विहिरीचा गाळ असेल तर मालकाची लेखी परवानगी आधी. हे सगळं कटकटीचं वाटतं, पण नाण्याची सापडलेली जागा नोंदली गेली नाही तर त्याची अर्धी माहिती कायमची जाते, आणि ती नोंद करायला लावणारी एकमेव सक्ती हीच आहे.

किनाऱ्यावर शोधायचा काळ पावसाळ्याच्या शेवटाचा. जून ते सप्टेंबर लाटा वाळू ओढून नेतात, खालचा जड थर उघडा पडतो. पुढे वाळू परत चढत जाते आणि तोच थर पुन्हा दोन-तीन फूट खाली जातो. ओल्या खाऱ्या वाळूत साध्या व्हीएलएफ (अगदी कमी वारंवारितेच्या) धातुशोधक डिटेक्टरचा गोंधळ उडतो. मीठ स्वतःच वीज वाहून नेतं, त्यामुळे रिकाम्या वाळूवरही आवाज येतो आणि पडद्यावरचा, धातूचा अंदाज सांगणारा आकडा उड्या मारतो. संवेदनशीलता कमी करावी, ग्राउंड बॅलन्स, म्हणजे यंत्र जमिनीशी जुळवून घेणं, कोरड्या वाळूवर न करता ओल्या वाळूवरच पुन्हा करावा, किंवा पल्स इंडक्शन जातीचं यंत्र वापरावं. ते मिठाला फारसं जुमानत नाही, पण लोखंड आणि तांबं यांत फरकही करत नाही. कोकणात आत गेलं की जांभ्याची लोहयुक्त माती लागते, तिथे अडचण वेगळी. खोलवरच्या तांब्याच्या नाण्याचा आकडा जमिनीतलं लोह खाली ओढतं आणि ते खिळ्यासारखं वाजतं. म्हणून जांभ्याच्या जमिनीत आकड्यावरून नाणं नाकारू नये. दोन्ही दिशांनी यंत्र फिरवून एकसारखा, तुटक नसलेला आवाज आला तर खणावं.

खणताना आवाजाच्या टोकावर फावडं मारायचं नाही. बाजूने किमान पाच इंच सोडून गोल काप घ्यायचा, ढेकूळ पूर्ण उचलायचं आणि हातातल्या पिनपॉइंटरने, म्हणजे काडीएवढ्या छोट्या डिटेक्टरने, शोधायचं. नवं ओरखडलेलं नाणं ओळखायला कठीण जातं, कारण ओरखडा नेमका अक्षरांवर पडतो. नाणं निघालं की लगेच तिथेच तीन गोष्टी लिहायच्या: फोनवरचे अक्षांश-रेखांश, किती खोल, आणि सोबत काय होतं. मुंबईत आणखी एक चौथी गोष्ट विचारावी लागते: ही जमीन मुळातली की भरावाची? बॅलार्ड इस्टेट १९१४ ते १९१८ दरम्यान अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या मातीवर उभी राहिली. अशा जागी सापडलेलं नाणं ‘इथलं’ नाही, ते मातीबरोबर आलेलं आहे. शहराच्या इमारतींच्या पायातून निघालेली माती आज कुठे जाऊन पडते, हेही तितकंच अनिश्चित. भरावातल्या नाण्यावरून त्या जागेच्या इतिहासाबद्दल काहीही अनुमान काढू नये. उलट विसर्जनाच्या आणि नारळी पौर्णिमेच्या जागा, जुने धक्के, कोळीवाड्यांच्या कडा इथे सापडलेलं नाणं बहुधा तिथेच पडलेलं किंवा वाहिलेलं असतं.

समुद्रातून आलेलं नाणं घरी आणताना सुकू द्यायचं नाही. ज्या पाण्यात सापडलं त्याच पाण्याच्या छोट्या डबीत आणायचं. सुकलं की आतलं मीठ स्फटिक होऊन पृष्ठभाग फोडतं. घरी आल्यावर डिस्टिल्ड वॉटर. प्रिन्सेस स्ट्रीटवर रसायनांच्या दुकानांत पाच लिटरचे कॅन मिळतात. बॅटरीवाल्याचं पाणीही चालतं, मात्र ते आम्ल मिसळलेलं नाही याची खात्री करून घ्यावी. पाणी पहिल्या आठवड्यात रोज, नंतर आठवड्यातून एकदा बदलायचं. तांब्याचं नाणं असेल तर हे काम महिनोन्‌महिने चालतं. तांब्यातलं क्लोराइड पूर्ण निघालं नाही तर मुंबईच्या दमट हवेत त्याच्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड येते. झटकली की खाली खड्डा दिसतो आणि आठवड्यात पूड परत येते. हा तांब्याचा रोग आहे, घट्ट गुळगुळीत हिरव्या थरासारखा तो निरुपद्रवी नसतो. हवेतली आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली ठेवली तर तो थांबतो. म्हणून हवाबंद डबा, तळाशी सिलिका जेल, आणि जेल रंग बदललं की भाजून परत.

चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, कोलगेटचा ब्रश, तारेची घासणी: यांतलं काहीही नाही. चिंच तांब्याचा हिरवा-तपकिरी थर खाते, आणि नेमकी त्याच थरात अक्षरांची कड टिकून असते. धातू कधीच झिजलेला असतो, आकार फक्त त्या थरात उरलेला असतो. घासलेली शिवराई गुलाबी, गुळगुळीत चकती होते आणि तिच्यावर ‘छत्र’ होतं की ‘पति’ हे कायमचं कळत नाही. माती काढायची असेल तर पाण्यात भिजवून बाभळीच्या काट्याने किंवा बांबूच्या काडीने, भिंगाखाली, अक्षरांपासून दूरच्या भागापासून सुरुवात करून. चांदीचं नाणं काळं पडलेलं असेल तर काळंच राहू द्यावं. त्या काळ्या थराने अक्षरं उलट जास्त स्पष्ट दिसतात.

आता मोजमाप. शून्य दशांश शून्य एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा खिशातला काटा पुरतो, पण दोन-तीन ग्रॅमच्या नाण्यांसाठी त्याहून दहापट बारीक, म्हणजे मिलिग्रॅमचा काटा लागतो. व्हर्नियर कॅलिपर प्लास्टिकचा घ्यावा, पोलादाचा धातूवर खूण ठेवतो. व्यास दोन दिशांनी, जाडी कडेला आणि मध्ये. मग नाणं उभ्या अक्षात फिरवून बघायचं: पुढची बाजू सरळ धरली तर मागची सरळ येते, उलटी येते, की वाकडी? यंत्राच्या नाण्यात हा कोन ठरलेला असतो, हातघणाच्या नाण्यात कसाही.

वजनं तोंडपाठ असली की अर्धी ओळख तिथेच होते. ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ पासूनचा आणि राणी-राजांचा रुपया ११.६६ ग्रॅम. हातघणाचा मुघल पद्धतीचा रुपया साधारण ११.४ ते ११.६. पाव आणा ६.४८ ग्रॅम, पण १९०६ पासून कांसं (ब्राँझ) आलं आणि तो ४.८६ झाला. एक बारांश आणा २.१६. अकबराचा तांब्याचा दाम सुमारे २०.९. कच्छ आणि नवानगरची कोरी ४.७ च्या आसपास. ब्रिटिश सोन्याचं सॉव्हरिन ७.९८, व्यास २२ मिलिमीटर. मारिया थेरेसाचा थेलर २८.०७. क्षत्रपांची चांदीची नाणी २ ते २.४ ग्रॅम, गधैया (हीणकस चांदीचं जुनं नाणं, पुढे येईल) सुमारे ४ ग्रॅम. आहत, म्हणजे वेगवेगळे ठसे मारलेली प्राचीन चांदीची नाणी ३.२ ते ३.४. शिवराई मात्र एका वजनात बसत नाही: आठ ग्रॅमपासून तेरापर्यंत कुठेही. वाळूत घासलेलं नाणं मानकापेक्षा हलकं असू शकतं, पण जड असू शकत नाही (मीठ-मातीचा थर सोडून). ११.९ ग्रॅमचा ‘रुपया’ दिसला तर तो रुपया नाही, एवढं त्याच क्षणी ठरतं.

एक गल्लत वारंवार दिसते ती इथे सांगतो. एक तोळा म्हणजेही ११.६६ ग्रॅम, कारण ब्रिटिशांनी तोळ्याचं वजन रुपयाशीच बांधलं. त्यामुळे बरोबर ११.६६ किंवा ५.८३ ग्रॅमची, अक्षरं नसलेली किंवा एखादा आकडा असलेली पितळी चकती म्हणजे झिजलेलं नाणं समजू नये. ते सराफाचं वजन असतं.

धातूसाठी पहिलं साधन चुंबक, पण त्याचा अर्थ सावधपणे लावायचा. १९८८ पासून १०, २५ आणि ५० पैसे स्टेनलेस स्टीलचे झाले, १९९२ पासून रुपयाही. ही नाणी चिकटतात आणि खाऱ्या वाळूत तांबूस डागाळून इतकी जुनी दिसतात की भल्याभल्यांना फसवतात. दुसरीकडे, जॉर्ज सहाव्याचा वाघ असलेला १९४७ चा रुपया आणि १९४६-४७ चे अर्धा व पाव रुपये शुद्ध निकेलचे आहेत आणि तेही चिकटतात. खोटे नाहीत ते. ॲल्युमिनियमचे एक, दोन, तीन, पाच, दहा पैसे समुद्रात पांढरी पूड होऊन कागदासारखे पातळ झालेले सापडतात. वजन ग्रॅमभरही नसेल आणि कड लहरदार असेल तर वेळ घालवू नये.

चुंबक न चिकटणाऱ्या नाण्यासाठी विशिष्ट घनता. पद्धत सोपी: काचेच्या छोट्या पेल्यात डिस्टिल्ड वॉटर घेऊन काट्यावर ठेवायचं, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा म्हणजे बुडबुडे चिकटत नाहीत, काटा शून्य करायचा. नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरायचं. काट्यावर जो आकडा येतो तो नाण्याने सरकवलेल्या पाण्याचा. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. उदाहरणार्थ कोरडं वजन ११.६२ आणि काट्यावर १.१३ आलं तर घनता १०.२८, म्हणजे रुपयाच्या ९१.७ टक्के चांदीशी जुळणारी. तेच वजन असताना काट्यावर १.२२ आला तर सुमारे ९.५, म्हणजे १९४० नंतरची अर्ध्या चांदीची मिश्रधातू. १.३१ आला तर निव्वळ तांबं-निकेलचा, वरून मुलामा दिलेला तुकडा. शुद्ध सोनं १९.३, शिसं ११.३४, तांबं ८.९६, कथील ७.३.

ही चाचणी कुठे फसते तेही लक्षात ठेवावं. दोन ग्रॅमच्या नाण्याने जेमतेम ०.१९ ग्रॅम पाणी सरकतं, काट्याची शेवटच्या घराची एक चूक म्हणजे पाच टक्के फरक, आणि चांदी चांगली की हीणकस हेच ठरत नाही. तिथे मिलिग्रॅमचाच काटा. दुसरं, समुद्रातलं सच्छिद्र किंवा थर बसलेलं तांबं घनता कमी दाखवतं. झवेरी बाजारात एक्सरे यंत्रावर धातू तपासून देणारे आहेत. त्यांचं यंत्र फक्त वरचा काही मायक्रॉनचा थर बघतं. जमिनीत राहिलेल्या चांदीच्या नाण्याच्या वरच्या थरातून तांबं झिरपून गेलेलं असतं, त्यामुळे चांदीचं प्रमाण प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतं. यंत्राचा आकडा आणि घनतेचा आकडा जुळला तरच विश्वास.

इतकं झालं की मग प्रकाश. एकच दिवा, नाण्याच्या पातळीपासून पंधरा-वीस अंशांवर, आणि नाणं हळूहळू फिरवत प्रत्येक चाळीस-पंचेचाळीस अंशांनी एक फोटो. सरळ वरून प्रकाश टाकला की झिजलेली अक्षरं नाहीशी होतात. तांब्याच्या मजबूत नाण्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने घासा काढला तर कधी कधी फोटोपेक्षा जास्त वाचता येतं. शिशाच्या नाण्यावर हे करू नये, दाबाने ते मुडपतं.

आणि आता अक्षरं. पश्चिम किनाऱ्यावरच्या ज्या नाण्यांनी लोकांना सगळ्यांत जास्त गोंधळात टाकलं आहे, त्यातलं पहिलं म्हणजे तराजूचा पैसा. तांब्याचं नाणं, एका बाजूला तराजू, पारड्यांमध्ये अरबी लिपीत ‘अद्ल’, म्हणजे न्याय. हे मुंबई इलाख्याचं कंपनीचं नाणं असेल तर दुसऱ्या बाजूला कंपनीची गासडीची खूण दिसते: बदामासारखा आकार, चार भाग, प्रत्येकात एक रोमन अक्षर, वर चारच्या आकड्यासारखं चिन्ह. १७९१ आणि १७९४ ची अशी नाणी बर्मिंगहॅमच्या सोहो टाकसाळीत यंत्रावर पाडून जहाजाने इथे आणली गेली, म्हणून ती गोल आणि नीटस आहेत. नंतरची मुंबईत हाताने पाडलेली वेडीवाकडी, अर्धीच खूण उमटलेली. १८०४ च्या नाण्यात खुणेऐवजी कंपनीचं कुलचिन्ह आहे आणि तराजूच्या बाजूला हिजरी १२१९. १८३३ च्या पाव आण्यावर हिजरी १२४९.

पण तराजू दिसला म्हणजे मुंबई असं नव्हे. झांझिबारच्या सुलतानाने हिजरी १२९९ मध्ये, म्हणजे १८८२ च्या सुमारास काढलेल्या पैशावरही तराजू आहे आणि आफ्रिकेतल्या मोम्बासाच्या १८८८ च्या नाण्यावरही. ती मुंबईच्या व्यापाराबरोबर इथे आली, आणि आकाराने पाव आण्याच्या इतकी जवळची आहेत की तराजूची बाजू एकटी पाहून वेगळी करणं कठीण. दुसरी बाजू वाचलीच पाहिजे. झांझिबारच्या नाण्यावर रोमन अक्षर एकही नाही, मोम्बासाच्या नाण्यावर गावाचं नाव रोमन लिपीत आहे.

हिजरी सालाचं इसवी सन काढायला तोंडी हिशेब असा: सालाचे तीन टक्के वजा करा, उरलेल्यात ६२२ मिळवा. १२१९ चे तीन टक्के सुमारे ३७, राहिले ११८२, अधिक ६२२ म्हणजे १८०४. विक्रम संवतातून ५७ वजा करायचे, शकात ७८ मिळवायचे. अरबी आकडे वाचताना शून्य हा नुसता ठिपका असतो, त्यामुळे धातूतला खड्डा शून्य वाटतो आणि खरं शून्य झिजून जातं. सात वर उघडा असतो, आठ खाली उघडा. नाणं उलटं धरलं की साताचे आठ होतात. आधी ‘ज़र्ब’ हा ‘अमुक ठिकाणी पाडलं’ अशा अर्थाचा शब्द शोधून नाण्याची दिशा पक्की करायची, मग आकडा.

कोरीबद्दल थोडं विस्ताराने, कारण मुंबईत कच्छी आणि काठेवाडी व्यापाऱ्यांमुळे ती जागोजाग सापडते. नवानगरच्या, म्हणजे जामनगरच्या कोरीवर गुजरातच्या शेवटच्या सुलतानाचं, मुजफ्फरशाहाचं नाव आहे आणि हिजरी साल ९७८. हिशेब केला तर १५७० येतं. वाचणारा आनंदाने उडी मारतो. पण त्याच नाण्यावर नागरीत ‘श्री जामजी’ आहे, आणि हेच ९७८ साल एकोणिसाव्या शतकापर्यंत तसंच छापलं जात होतं. साल गोठलेलं आहे. काळ ठरवायचा तो अक्षरांच्या घडणीवरून: अक्षरं जितकी ठिगळासारखी, न वाचता नुसती नक्कल केलेली, तितकं नाणं उशिराचं. कच्छच्या उशिराच्या कोरीवर व्हिक्टोरिया राणीचं नाव फारसीत आणि रावाचं नागरीत, दोन्ही असतात. तिथे विक्रम संवत खरा असतो.

सुरतेचा रुपया हे याच जातीचं दुसरं उदाहरण. पुढे ‘सिक्का मुबारक बादशाह ग़ाज़ी शाह आलम’, मागे ‘ज़र्ब सूरत’, ‘जुलूस मैमनत मानूस’ (राज्यवर्षाचा ठरीव मजकूर) आणि राज्यवर्ष ४६. काहींवर सोबत हिजरी १२१५. शाह आलम दुसरा हिजरी ११७३ मध्ये गादीवर आला. ४६ वं वर्ष म्हणजे १२१८ च्या पुढे. मग १२१५ आणि ४६ एकत्र कसे? हे न जुळणं हीच ओळख आहे: कंपनीने गोठवलेलं साल, शाह आलम मेल्यावरही चालू राहिलेलं. हातघणाचा जाड, लहान, कड नसलेला असेल तर आधीचा. पातळ, पूर्ण गोल, यंत्राचा असेल तर १८२५ ते १८३५ च्या दरम्यानचा. १८४० साल असलेला व्हिक्टोरियाचा रुपया १८४० मध्येच पाडला असं समजू नये, तो पुढे वीसेक वर्षं तसाच निघत राहिला. १८६२ चा रुपया १८७४ पर्यंत त्याच सालाने पाडला. मुंबईच्या टाकसाळीने त्या रुपयावर खरं वर्ष कळावं म्हणून ठिपके वाढवत नेले. भिंग घेऊन ठिपके मोजा, साल तिथे आहे. थेलरवर तर नेहमी १७८० च असतं. मुंबईच्या टाकसाळीत तो १९४०-४१ मध्ये पाडला गेला.

शिवराईबद्दल माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला एकच अपेक्षा असते: ही महाराजांच्या काळातली ना? पुढे तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, मागे दोन ओळींत ‘छत्र / पति’. हाच मजकूर संपूर्ण मराठेशाहीत, पेशवाईत आणि त्यानंतरही अनेक टाकसाळींत, खासगी मक्तेदारांकडेही, पाडला गेला. ‘शिव’ चं ‘सिव’, ‘सीव’, ‘श्री’ चं ‘स्रि’ असं सगळं आढळतं. जड, रुंद, अक्षरं खोल आणि सुबक असलेल्या शिवराया आधीच्या. मागच्या बाजूला दोन आडव्या दांड्या असलेली दुदांडी उशिराची. ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्याने पूर्ण मजकूर एका नाण्यावर जवळजवळ कधीच येत नाही. म्हणून कोणतं अक्षर कापलं गेलं आणि मण्यांची कड कुठे दिसते याची नोंद करा, तीच दोन नाणी एका ठशाची आहेत का हे ठरवते. एका नाण्यावरून शिवकाल ठरवून टाकण्याची घाई मी करत नाही, आणि करणाऱ्यांवर विश्वासही ठेवत नाही. सोन्याच्या होनाबद्दल तर बोलूच नये. २.७ ते २.९ ग्रॅमचा तो होन इतका दुर्मीळ आहे की ‘सापडलेला’ होन खोटाच धरून तपासाला सुरुवात करावी.

फार जुनी नाणी छोटी असतात आणि डिटेक्टर त्यांना सहज चुकवतो. चौदा-पंधरा मिलिमीटरची चांदीची टिकली, पुढे मिशीवाल्या राजाचं मस्तक, मागे तीन कमानींचा डोंगर, वर चंद्र आणि बाजूला सूर्य: पश्चिम क्षत्रप. मस्तकाच्या मागे ब्राह्मी आकड्यांत शकवर्ष असतं, हे साल मात्र खरं, त्यात ७८ मिळवावे. ठिपके आणि रेघा यांचा नुसता गुंता दिसला, वजन चारच्या आसपास आणि चांदी हीणकस, तर गधैया: एका बाजूला इराणी राजाचं मस्तक आणि दुसऱ्या बाजूला अग्निवेदी, शतकानुशतकं नक्कल होत होत ओळखू येईनाशी झालेली. नाण्याऐवजी दुमडलेली चांदीची तार सापडली, वजन पावणेपाचच्या आसपास, तर ती फेकू नका. ती लारी आहे, बहुधा आदिलशाहीच्या कोकणी बंदरांतली. तारेच्या चपट्या भागावर ठशाचा तुकडा शोधा.

सर्वांत जास्त वेळ ज्या वस्तूंनी खाल्ला आहे त्या नाणी नाहीतच. ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘हाफ आना’ किंवा ‘यूकेएल वन आना’, साल १८१८ किंवा १६१६, आणि दुसऱ्या बाजूला रामदरबार, हनुमान, लक्ष्मी. कंपनीने असं नाणं कधीही काढलं नाही. वजनाला कुठल्याही मानकात बसत नाही, कड ओबडधोबड, अक्षरं ओतल्यासारखी गुळगुळीत. लाखांच्या किमती सांगणारे व्हिडिओ याच तुकड्यांचे असतात. रामटंके ही मंदिरातली पूजेची वस्तू आहे, जुनी असली तरी चलन नाही.

खऱ्या नाण्याच्या नकला ओळखायच्या तर कड बघा. ओतीव नकलेच्या कडेला मधोमध रेघ असते किंवा ती कानशीने घासून काढलेली असते. पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात, आणि अक्षरांचे कोपरे ओलसर दिसतात. एकाच जागी एकच खरचटा असलेली दोन नाणी समोर आली तर दोन्ही ओतीव. १९१८ च्या सॉव्हरिनमध्ये मुंबईची खूण म्हणजे सालाच्या वर, जमिनीच्या पट्टीवर असलेलं रोमन ‘आय’. बनावट सॉव्हरिनवर ते अस्पष्ट असतं किंवा ठोकून बसवलेलं. वजन ७.९८ आणि घनता १७.५ च्या आसपास हवी, दोन्हींतलं एक जरी हललं तरी नको.

यानंतरही न ओळखता आलेलं नाणं जाणकाराला दाखवायला न्यायचं असेल तर नाणं कमी आणि नोंद जास्त न्यावी. एका पाकिटावर वजन, दोन व्यास, जाडी, दोन बाजूंमधला कोन, चुंबकाचा निकाल, घनता, सापडलेली जागा आणि भराव की मूळ जमीन, आणि दोन्ही बाजूंचे चार-चार फोटो. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं नाण्यांचं दालन, फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय ही तुलना करून पाहायची ठिकाणं. राज्याचं पुरातत्त्व संचालनालय सेंट जॉर्ज किल्ल्यात आहे, जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलेल्या निधींची शहानिशा तिथे होते. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, क्षत्रप आणि सातवाहन नाण्यांसाठी तिथे जाण्याइतकी जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. पाकीट कागदाचं किंवा पॉलिएस्टरचं असावं. बाजारातले मऊ, वासाचे पीव्हीसीचे खण मुंबईच्या उन्हाळ्यात चिकट हिरवा द्रव सोडतात आणि तो तांब्यात मुरतो.

नोंदीत ‘साल’ या रकान्यासमोर दोन कप्पे ठेवावेत: छापलेलं आणि पाडलेलं. दुसरा कप्पा कळेपर्यंत रिकामा राहू द्यावा.